डिझाइनची डिस्क

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर कॅमेरा आहे, आणि त्या सगळ्यांचं रेकॉर्डिंग जिथं साठतं ती पेटी सेक्रेटरींच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या पेटीतली डिस्क गेली. कॅमेरे जागच्या जागी, दिवे चालू, पण आत काहीच साठेना. चोराला हे कळत नाही तोवर काही बिघडत नाही असं माझं मत होतं, पण मीटिंगमध्ये माझं मत कुणी विचारलं नाही. नवी डिस्क आणायची तर वर्गणी काढावी लागणार, आणि वर्गणीचा विषय निघाला की आमच्या इमारतीत भलेभले फोन उचलेनासे होतात. शेवटी सेक्रेटरी माझ्याकडे आले. एसटीतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. चहा होईपर्यंत पंख्याकडे बघत बसले, आणि कप हातात आल्यावर म्हणाले की साहेबांचा कॉम्प्युटर तसाच पडून असेल तर त्यातली डिस्क चालेल, असं कॅमेरेवाला म्हणत होता.

पडून होता खरा. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर झाकलेला टॉवेल. तो टॉवेल मी दर आठवड्याला झटकायची आणि परत घालायची. कॉम्प्युटरला हात लावत नव्हते. सेक्रेटरींना मी म्हटलं, न्या की, आत आहे काय आता. हे मी इतकं पटकन म्हटलं की त्यांनाच जरा अवघडल्यासारखं झालं. रविवारी कॅमेरेवाला येऊन काढून नेईल, तोवर तुमचं काही हवं-नको बघून घ्या, असं सांगून ते गेले.

आमचे हे डिझाइन मास्तर होते. सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यावरचा मोर आणि फुलं आधी कुणालातरी चौकटी-चौकटीत काढावी लागतात, हे आमच्या भवानी पेठेच्या बाहेर फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. एक चौकट म्हणजे एक धागा. ह्यांनी तरुणपणी हे काम आलेखाच्या कागदावर केलं, मोठमोठे कागद जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून. पुढं कॉम्प्युटर आला तसं गुडघ्यांवर बसणं गेलं आणि पाठ धरायला लागली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तीन-चार कारखानदारांची कामं ह्यांच्याकडे असायची. मालक सांगणार, मास्तर, यंदा काहीतरी वेगळं द्या. वेगळं दिलं की म्हणणार, गेल्या वर्षीसारखं चाललं असतं.

मीही त्या कामात होते. डिझाइन झालं की ते मला बसवायचे आणि स्वतः उठून पाय मोकळे करायचे. धागा लांबवर मोकळा सुटलाय का, हे बघायचं माझं काम. असा मोकळा धागा धुताना बांगडीत नाहीतर नखात अडकतो आणि चादर विस्कटते. तो धागा त्यांच्या नजरेतून निसटायचा, माझ्या नाही. मी दाखवला की ते म्हणायचे, "आता हे विणकराला दिसलं नसतं." मी म्हणायची, "धुणारणीला दिसलं असतं." आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून हे सगळं तेलुगूतच चालायचं, पण भांडण वाढलं की आम्ही दोघंही मराठीवर यायचो. शाळा मराठीतली, रागाचे शब्द तिथंच शिकलो.

ह्यांचा एक नेम होता. डिझाइन मालकाला दिलं, पसंत पडलं, पैसे ठरले, की मालकाला खुर्चीवर बसवायचं, स्क्रीन त्याच्याकडे वळवायची, आणि त्याच्या देखत आपल्याकडची प्रत पुसून टाकायची. मग कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करून दाखवायची. मी चहा घेऊन यायची ती या वेळेला. काही मालकांना हे आवडायचं. एकजण मात्र सगळा वेळ मोबाइलवर बोलत बसला होता, वर बघितलंसुद्धा नाही. ह्यांनी त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबून मग पुसलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून माग विणायचे त्या काळात ह्यांचे गुरू असं करायचे म्हणे: मालकाला पुठ्ठ्यांची माळ दिली की मूळ कागद त्याच्यासमोर फाडायचे. दुसऱ्या कारखान्यात तोच मोर दिसला तर पहिल्याचा माल कोण घेणार, असा त्यातला हिशेब. बाकीचे मास्तर हसायचे. सगळ्यांकडे सगळ्यांच्या प्रती असायच्या.

मला ह्याचा वैताग यायचा. इतकी वर्षं डोळे फोडून काढलेलं काम, आणि घरात दाखवायला काही नाही. पाहुणे आले की मास्तर काय करतात म्हणून विचारायचे, आणि आम्ही बिछान्यावरची चादर दाखवायचो. तीही ह्यांच्या डिझाइनची असेलच असं नाही.

एकदा तर ह्यांचा हा नेम चांगलाच अंगाशी आला. एमआयडीसीतल्या एका मालकाचा कॉम्प्युटर बिघडला आणि त्यातली डिझाइनं गेली. त्याचा फोन आला, मास्तर, तुमच्याकडची प्रत पाठवून द्या. हे म्हणाले, माझ्याकडं नाही, तुमच्या समोरच पुसली होती. मालकाला ते खोटं वाटलं. असा कुठला मास्तर प्रत ठेवत नाही, तुम्ही ती दुसऱ्याला विकली असणार, म्हणून आता नाही म्हणताय, असं तो बोलला. फोन कानापासून लांब धरावा लागेल इतक्या जोरात बोलला, म्हणून मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. नंतर बरेच महिने त्याच्याकडून काम आलं नाही. त्या दिवशी मी मराठीवर आले. एक प्रत ठेवली असती तर काय बिघडलं असतं, असं विचारलं. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "ठेवली असती तर तो बोलला ते खरं झालं असतं."

मी आत जाऊन करपत आलेली भाजी उतरवली. पटलं मात्र नव्हतं.

तर हा कॉम्प्युटर. मुलीला फोन करून सांगितलं की रविवारी डिस्क देतेय. ती पुण्यात नोकरी करते, कॉम्प्युटरच्याच कंपनीत. मला अम्मा म्हणते आणि ह्यांना बाबा म्हणायची. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, आमचं सगळं घर तसंच. ती म्हणाली, थांब, घाई करू नकोस, बाबांची डिझाइनं परत आणता येतील. मी म्हटलं, पुसलेली कशी येतील, माझ्यासमोर पुसली आहेत. तेव्हा तिनं मला समजावलं की पुसलं म्हणजे पुसलं जात नाही. दारावरची नावाची पाटी तेवढी काढली जाते, घरातली माणसं घरातच असतात. त्यांच्या जागेवर दुसरं कुणी येऊन राहिलं तरच ती जातात. ती शोधून काढणारा एक प्रोग्राम असतो, तो मी पाठवते, कसा चालवायचा ते फोनवर सांगते. आणि मग म्हणाली, "अम्मा, आपल्याकडे बाबांचं काय उरलंय? कपडे तर तू वाटून टाकलेस."

हे मला लागलं. कपडे मी वाटले हे खरं होतं. कपाट उघडलं की तो वास यायचा, आणि त्या वासापुढं मला रोज उभं राहवत नव्हतं. पण मुलीला हे काय सांगणार.

शुक्रवारी सकाळचं काम आटोपून मी टॉवेल काढला आणि कॉम्प्युटर चालू केला. तो सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला. आत दोन डिस्क होत्या. एक लहान, तिच्यावर कॉम्प्युटर चालायचा. दुसरी मोठी, ती फक्त डिझाइनसाठी, आणि तीच सेक्रेटरींना हवी होती. ती मी उघडली. खरं सांगायचं तर मनात कुठंतरी वाटत होतं की एखादं तरी त्यांनी मागं ठेवलं असेल. माणूस आहे, एखादं आवडलं म्हणून राहिलं असेल. पण तसं काही नव्हतं. लाइट बिलांच्या प्रती, मुलीच्या लग्नाचे फोटो, आणि एक फोल्डर, नाव ‘नापसंत’. मालकांनी नाकारलेली डिझाइनं त्यात होती. ज्यांचे पैसे मिळाले ती सगळी गेली होती, आणि जी कुणालाच नको होती तेवढी आमच्या वाट्याला राहिली होती. मी तिथंच बसून ह्यांना दोन-चार शब्द ऐकवले. ऐकायला कुणी नव्हतं.

मग मुलीला फोन लावला आणि तो प्रोग्राम चालवला. ती सांगत गेली, मी दाबत गेले. ती मीटिंगला गेली आणि मी एकटीच बघत बसले. यादी येऊ लागली. नावं गेलेली होती, नुसते आकडे. पण एखाद्यावर बोट ठेवलं की बाजूला चित्र दिसायचं. पहिली काही उघडेनात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं होतं. मग एक उघडलं.

मोर होता. म्हणजे अर्धा मोर. ह्यांची बरीच डिझाइनं अर्धीच असायची. मधल्या रेघेपर्यंत काढायचं, पलीकडचं अर्धं माग स्वतःच उलटं करून विणतो. एक पाय, अर्धा पिसारा. अर्ध्या मोरावरून मला काही रडू आलं नाही, आम्ही आयुष्यभर सगळं अर्धंच बघत आलो. पण पिसाऱ्याच्या टोकाला एक चौकट भरलेली होती, ती मी सांगितली म्हणून त्यांनी भरली होती. तिथं धागा मोकळा सुटत होता. ह्यांना ती नको होती, पिसातला डोळा गोल दिसत नाही म्हणून कुरकुरत होते, आणि मी हट्टानं भरायला लावली होती. ती चौकट समोर बघितली आणि मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. भूक लागल्यासारखं झालं. मी पुढचं उघडलं, त्याच्या पुढचं उघडलं. वेली, कमळं, मंदिराचं शिखर, हत्तींची रांग. प्रत्येकात कुठं ना कुठं मी होतेच. यादी खाली खाली वाढत होती.

खालच्या बाजूला ‘साठवा’ म्हणणारं बटण होतं. पेन ड्राइव्ह लावलेला होता. मुलीनं सांगितलं होतं, सगळ्यांवर खूण कर आणि ते दाब, बस.

मी खूण केली. बटणावर बाण नेला. आणि ते फोनवरचं बोलणं आठवलं. तुम्ही प्रत ठेवली असणार, असं तो मालक म्हणाला होता. त्या दिवशी ते खोटं होतं. मी हे बटण दाबलं की ते खरं होणार होतं. मालकाला कधी कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. ह्यांनाही आता कळण्याचा प्रश्न नव्हता. ज्यानं नेम केला तो माणूसच नाही, मग तो नेम पाळायचा कुणासाठी, हे मी स्वतःला बराच वेळ विचारत राहिले. मला ती डिझाइनं हवी होती. वर्षभरात मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

पण ह्यांनी त्या एका गोष्टीसाठी बोलणी खाल्ली होती, आणि बोलणी खाताना मी आत भाजी परतत होते. मी तो प्रोग्राम बंद केला. काही साठवलं नाही.

‘नापसंत’ मात्र पेन ड्राइव्हवर घेतलं, लग्नाचे फोटो घेतले. नाकारलेलं आमचं होतं, त्यावर कुणाचा हक्क नव्हता. संध्याकाळी मुलीला सांगितलं तेव्हा ती चिडली. तुम्ही दोघं सारखेच, असं म्हणून तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं तिनंच पुन्हा केला आणि नाकारलेली तरी पाठव म्हणाली. पाठवली. त्यातली एक चिमण्यांची जाळी तिनं मोबाइलवर लावून घेतली आणि हे कुणी का नाकारलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, चिमण्यांच्या चोची फार बारीक होत्या. मागावर एका धाग्याची चोच टिकत नाही.

शनिवारी डिस्क पुसायला घेतली. कॅमेरेवाल्याचा निरोप होता की तुम्ही काही करू नका, पेटीत बसवली की पेटी स्वतःच फॉरमॅट करते. पण आता मला माहीत झालं होतं, ते म्हणजे पाटी काढणं. त्या घरात माणसं तशीच ठेवून मला डिस्क द्यायची नव्हती. मी फॉरमॅटची खिडकी उघडली. तिथं ‘क्विक’ लिहिलेल्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. बहुतेक लोक ती बघतही नसतील. मी ती खूण काढली, म्हणजे डिस्कचा कोपरा न् कोपरा पुसला जातो. त्याला वेळ लागतो. कॉम्प्युटरनं विचारलं, सगळं जाईल, नक्की का. मी हो म्हटलं.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. मी खुर्ची सोडली नाही. शेंगदाण्यांची चटणी करायची राहिली होती, ते भाजलेले दाणे तिथंच घेऊन बसले आणि सालं काढत राहिले. मिक्सर मात्र लावला नाही. ह्यांचं काम चालू असताना घरात मिक्सर लावायची सोय नव्हती. लाइट खालीवर होते आणि काम जातं, असा ह्यांचा समज. तो खरा होता की नाही देव जाणे. दाणे मी खलबत्त्यात कुटले. अर्धी पट्टी झाली असताना ध्यानात आलं की आपण काहीही जपत नाही आहोत, पुसतोच आहोत, लाइट गेली तरी परत लावता येईल. तरी मिक्सर लावला नाहीच.

दुपार कलली तेव्हा पट्टी टोकाला गेली. डिस्क उघडून बघितली, कोरी. मी मोठ्यानं म्हटलं, "झालं." कुणी ‘बरं’ म्हटलं नाही. मग मात्र रडू आलं, आणि रडताना रागही येत होता. जन्मभर ह्यांनी एकेक करून जे केलं ते मी एका दुपारीत सगळं मिळून केलं होतं, आणि आता ह्यांचं हातात धरण्यासारखं माझ्याकडे जवळजवळ काही उरलं नव्हतं. घरात इतकी सामसूम होती की समोरच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजत बसले.

रविवारी कॅमेरेवाला आला, चार स्क्रू काढून डिस्क घेऊन गेला. मी ती टॉवेलात गुंडाळून दिली. त्यानं टॉवेल परत आणून दिला.

त्यानंतर दिवस नेहमीसारखे गेले. म्हणजे सकाळ, भाकरी, पाणी येणार असेल त्या दिवशी पाण्याची धावपळ, संध्याकाळी मंडई. मंडईला मी रोज जाते. एकटीला रोज भाजी लागत नाही, पण दिवसातून एकदा कुणाशी तरी घासाघीस केली की बरं वाटतं.

पावसाळा संपता संपता आमच्या मजल्यावर दुधाच्या पिशव्या नाहीशा व्हायला लागल्या. दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी सकाळी गायब. आधी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर संशय घेतला गेला, मग पेपरवाल्यावर. शेवटी सेक्रेटरी म्हणाले की एवढे कॅमेरे आहेत तर बघू या की. रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरचे सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमलो. समोरच्या फ्लॅटमधली सूनबाई होती. तिचा नवरा ट्रक चालवतो, सासू अंथरुणाला खिळलेली, तिला ती अम्मी म्हणते. मला ती काकू म्हणते. वरचे भाडेकरूही आले होते. सेक्रेटरींनी पेटी टीव्हीला जोडली आणि आमच्या मजल्याचा कॅमेरा लावला. त्याच्यात माझं दार अगदी मधोमध येतं. चित्रच येतं, आवाज नाही.

नेमका कुठला दिवस ते ठरेना, म्हणून सेक्रेटरींनी एका टोकापासून भराभर पुढं न्यायला सुरुवात केली. लोक जिन्यात पळायला लागले. दुधाचा चोर लवकरच सापडला. गच्चीवरचा बोका नव्हे, चांगली गाभण मांजर होती. कडीला लोंबकळून पिशवी फाडायची आणि ओढत जिन्यानं वर न्यायची. सगळे हसले. भाडेकरू सगळ्यात जास्त हसले. ती रोजच नेते का हे बघायला सेक्रेटरींनी पुढचे दिवसही तसेच पळवले.

तेव्हा मी दिसले. पिशवी घेऊन जिना चढून येतेय, दारापाशी उभी राहतेय. हात बेलकडे गेला. मग उभीच. मग परत हात बेलकडे गेला. मग पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडलं आणि आत गेले. दुसरा दिवस पळत आला. तीच मी, दुसरी साडी. हात बेलकडे, उभी, हात बेलकडे, किल्ली. तिसरा दिवस. खोलीतलं हसणं कमी होत गेलं. सेक्रेटरींना आधी काय ते कळेना, त्यांनी वेग कमी केला. मग त्यांनाही कळलं, पण तोवर चित्र आपल्या वेगानं चालायला लागलं होतं, आणि ते बंद करायचं बटण घाईत सापडेना.

माझं बोट बेलवर जातं हे मला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. सवय आहे, जातं. पण मी मधे थांबते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा वाजवते हेही नव्हतं.

त्या थांबण्याचं काय ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी मंडईतून यायची तेव्हा हे कॉम्प्युटरवर बसलेले असायचे. पहिली बेल वाजली की आतून आवाज यायचा, "वस्तुन्ना," म्हणजे येतोय. पण येत नसत. हातातली ओळ अर्धी सोडून उठलं की परत बसल्यावर चौकट चुकते, म्हणून ती ओळ संपवायचे. मला हे ठाऊक होतं. ओळ संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी दारात थांबायची, भाजीच्या पिशवीनं बोटं काचली तरी. आणि मग दुसरी बेल, ती उठा म्हणून. पर्समध्ये किल्ली तेव्हाही असायची. काढत नव्हते.

टीव्हीवर मी तेवढीच थांबले होते. ना कमी, ना जास्त. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, दाराकडे बघितलं, ओळ संपू दिली. ह्यांच्याच डिस्कवर ते साठलं होतं, मी कोपरा न् कोपरा पुसून दिलेल्या.

समोरची सूनबाई माझ्या शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "रोज दो बार बजती ना, काकू. हमना मालूम है. अम्मी कौन है पूछते बी नहीं, बोलते, आ गए."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. चूक त्यांच्या हातून झाल्यासारखे ओशाळले होते. म्हणाले, "वहिनी, ह्ये तेवढं काढून टाकू का? कसं काढायचं ते विचारतो मी त्याला."

मी म्हटलं, "राहू द्या. जागा भरली की जुनं आपोआप जातंय."

मग मांजरीचं काय करायचं यावर चर्चा झाली. व्यायची आहे बिचारी, तोवर दूध घरात घेत जाऊ, असं ठरलं.

संध्याकाळी मंडईतून आले. मेथी घेतली होती, आणि कांदे, म्हणून पिशवी जड होती. दारापाशी आल्यावर वर कॅमेऱ्याकडे नजर गेली. किल्ली हातात काढून धरलेली होती, आज काढूनच जिना चढले होते. ती परत पर्समध्ये टाकली. बेल वाजवली. थांबले. समोरच्या घरात सासूनं काहीतरी म्हटलं आणि सूनबाईनं हो म्हटलं. ओळ संपेपर्यंत थांबले, मग दुसरी बेल वाजवली आणि किल्ली काढली.